सोमच्या रणभूमीवर, मामांसोबत

सोम ही उत्तर फ्रान्समधली एक संथ, वळणावळणाची नदी. तिच्या आजूबाजूच्या शेतांत पहिल्या महायुद्धात, १ जुलै ते १८ नोव्हेंबर १९१६ या साडेचार महिन्यांत ब्रिटिश, फ्रेंच आणि जर्मन मिळून दहा लाखांहून जास्त माणसं मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. एवढ्यावर आघाडी सरकली ती जास्तीत जास्त दहा किलोमीटर. आमच्या ब्रसेल्सच्या घरापासून हा सगळा मुलूख गाडीने दोन-सव्वादोन तासांवर आहे. इतकी वर्षं तिथून पॅरिसला जाता-येता रस्त्याकडेच्या खसखशीच्या लाल फुलाच्या (ती युद्धस्मरणाची खूण) पाट्या दिसायच्या आणि आम्ही सरळ पुढे जायचो.

यंदा ऑक्टोबरात मामा-मामी आले. मामा खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे सैन्यातल्या खंदक-सुरुंग खणणाऱ्या, पूल बांधणाऱ्या दलातून, सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, गाव सातारा जिल्ह्यात. आयफेल टॉवर त्यांनी पाच मिनिटांत उरकला. "लोखंडकाम चांगलं आहे" एवढाच शेरा. मग म्हणाले, "पोरी, ती खंदकांची लढाई झाली ती जागा इथनं लांब आहे का गं?" मामींचे गुडघे दुखत होते, त्या नातवंडांपाशी थांबल्या. डब्यात थालीपिठं आणि लसणाची चटणी घेऊन आम्ही दोघंच निघालो.

शुक्रवार : आल्बेर

आल्बेर हे लहानसं गाव सोमच्या रणभूमीचं नाक आहे. मुक्काम इथे किंवा अर्ध्या तासावरच्या अमियाँला करावा. अमियाँला कॅथेड्रल आहे, हॉटेलं आहेत, पॅरिसहून थेट गाडी आहे. पण स्वतःची गाडी असेल तर आल्बेरच्या आसपासच्या खेड्यात कुणाच्या घरी राहणं केव्हाही चांगलं. गाडी नसेल तर मात्र विचार करून या, कारण गावोगावच्या बस म्हणजे असून नसल्यासारख्या.

गावात शिरल्यावर काहीतरी खटकत होतं आणि काय ते मामांनी सांगितलं. "जुनं घर एकपण नाही." खरंच. फ्रान्समधलं कुठलंही गाव घ्या, चार-पाचशे वर्षांची दगडी भिंत कुठेतरी सापडतेच. इथे सगळ्या विटा एका वयाच्या, १९२० नंतरच्या. युद्ध संपलं तेव्हा आल्बेर म्हणजे विटांचा ढीग होता. बाजूची खेडी तर नकाशावरून पुसली गेली होती. लोक परत आले, पत्र्याच्या खोपट्यांत राहिले, खड्डे बुजवले आणि त्याच जागी तीच नावं देऊन गावं पुन्हा उभी केली. पुढे तीन दिवस आम्ही ज्या ज्या गावातून गेलो तिथलं चर्च तसंच, लाल विटांचं, शंभरीच्या आसपासचं.

आल्बेरच्या बासिलिकेच्या, म्हणजे मोठ्या चर्चच्या, शिखरावर बाळ येशूला दोन्ही हातांनी उंच धरलेली सोनेरी मेरी आहे. जानेवारी १९१५ मध्ये तोफेचा गोळा लागून ती मूर्ती आडवी झाली आणि तशीच रस्त्यावर लोंबत राहिली. खालून आघाडीवर जाणारे हजारो सैनिक वर बघत जायचे. ही पडेल त्या दिवशी लढाई संपेल, अशी त्यांच्यात बोलवा होती. मार्च १९१८ मध्ये गाव जर्मनांच्या हातात गेलं. मनोऱ्याचा टेहळणीला उपयोग होऊ नये म्हणून एप्रिलमध्ये ब्रिटिशांनीच तोफा डागून तो पाडला. आताची मूर्ती नवी.

बासिलिकेच्या पोटातून एक जिना खाली जातो आणि तिथे 'सोम १९१६' संग्रहालय आहे. जमिनीखाली दहा मीटरवर अडीचशे मीटर लांबीचं जुनं भुयार आहे, दुसऱ्या महायुद्धात हवाई हल्ल्यापासून आसरा म्हणून वापरलेलं. त्यात दोन्ही बाजूंना कोनाडे करून खंदकातलं जगणं मांडलंय. शेवटी आवाज, धूर, झगमगणारे दिवे असा थोडा नाट्यमय प्रकार आहे, मला तो आवडला नाही. मामा मात्र एका कोनाड्यापाशी बराच वेळ उभे. तिथे सैनिकांनी रिकाम्या वेळात गोळ्यांच्या पितळी कोशांवर ठोकून केलेल्या फुलदाण्या होत्या. भुयाराचं दुसरं टोक गावच्या बागेत निघतं. आत थंडी असते, स्वेटर घेऊन जा.

आमचं राहणं एका शेतकरी जोडप्याच्या घरी होतं. आजी पंचाहत्तरीच्या, आजोबा त्याहून थोडे मोठे. जेवायला फ्लामिश, म्हणजे लीकची (कांद्याच्या जातीची भाजी) पातळ पात भरून भाजलेली पाई. शाकाहारी लोकांना या भागात हाच मोठा आधार. मामांसाठी फिसेल पिकार्द : धिरड्यात हॅम आणि मशरूम गुंडाळून, वर साय आणि चीज घालून भट्टीत भाजलेलं. मामांनी दोन खाल्ली आणि आजींना मराठीत "झकास" म्हणाले. आजींना समजलं.

जेवणानंतर आजोबांनी एक काचेची बरणी आणून टेबलावर ठेवली. आत शिशाच्या गोट्या, राखाडी, बोराएवढ्या. श्रॅपनेलच्या गोळ्यात अशा शेकडो भरलेल्या असायच्या आणि तो हवेत फुटला की खालच्या माणसांवर त्यांचा पाऊस पडायचा. आजोबा लहानपणी याच गोट्या खेळत. अजूनही नांगरट झाल्यावर पाऊस पडला की मातीतून धुऊन वर येतात, म्हणाले. मामांनी एक उचलून दिव्याखाली फिरवली. एका बाजूने चपटी झालेली होती.

शनिवार : ला बोआसेल, तिएपवाल, बोमाँ-हामेल

सकाळी धुकं. न्याहारीला गातो बात्यू, भरपूर अंड्यांचा पिवळाधमक उंच ब्रेड. बरोबर घरचा जॅम. बूट मात्र चांगले उंच हवेत. इथली माती चुनखडीची, ओली झाली की पांढरट चिखल तळव्याला चिकटतो आणि पाय उचलेनासा होतो.

ला बोआसेलला लॉखनागार नावाचा खड्डा आहे. आधी शेताच्या कडेने साधी वाट, मग अचानक समोर जमीनच नाही. रुंदी नव्वद मीटरच्या वर, खोली एकवीस मीटर. काठाने लाकडी फळ्यांची वाट केली आहे, खाली उतरू देत नाहीत. ही जागा सरकारची नाही. १९७८ साली खड्डा बुजवला जायच्या बेतात होता, तेव्हा रिचर्ड डनिंग या इंग्रज माणसाने तो स्वतःच्या पैशाने विकत घेतला.

इथे मामांना वाचा फुटली. ही त्यांची विद्या. ब्रिटिश सॅपर्सनी आपल्या खंदकापासून जर्मन खंदकाखालपर्यंत बोगदा खणला आणि टोकाला सत्तावीस टन स्फोटकं भरली. जर्मनही जमिनीला कान लावून बसलेले. चुनखडीत कुदळीचा आवाज लांब जातो, म्हणून कुदळ वापरायची नाही. बोगदा साडेचार फूट उंच, अडीच फूट रुंद. लांब दांड्याला बांधलेली संगीन फटीत घालून पिरगाळायची, ढेकूळ सुटलं की दुसऱ्याने ते खाली पडायच्या आत हातात झेलायचं, तिसऱ्याने पोत्यात ठेवायचं. सगळे अनवाणी. बोलायचं ते कुजबुजत. दिवसाला दीड फूट.

"झेलणारा गडी बघ," मामा म्हणाले. "खणणाऱ्याचं नाव होतं. झेलणाऱ्याचं काम अवघड."

१ जुलै १९१६ ला सकाळी सात वाजून अठ्ठावीस मिनिटांनी हा सुरुंग उडवला आणि साडेसातला पायदळ खंदकातून वर आलं. त्याआधी सात दिवस जर्मन ठाण्यांवर सुमारे पंधरा लाख तोफगोळे टाकून झाले होते. सेनापतींचा हिशोब असा, की समोर कुणी जिवंत उरलेलं नसणार. पण त्याच चुनखडीत जर्मनांनी नऊ-दहा मीटर खोल, मजबूत तळघरं खोदली होती. बरेच गोळे फुटलेच नाहीत. काटेरी तारा जागोजागी शाबूत राहिल्या. भडिमार थांबला तसे जर्मन वर आले आणि त्यांनी मशीनगन लावल्या. त्या एका दिवसात ब्रिटिशांचे ५७,४७० लोक पडले, पैकी १९,२४० मेले. ब्रिटिश सैन्याच्या इतिहासात एवढा वाईट दिवस दुसरा नाही. ला बोआसेल पहिल्याच दिवशी घ्यायचं होतं. एवढा सुरुंग उडवूनही ते हाती आलं ४ जुलैला.

खड्ड्याच्या काठाशी एक साधा लाकडी क्रूस आहे. १९९८ च्या ऑक्टोबरअखेर तिथे एका सैनिकाचे अवशेष सापडले. टाइनसाइड स्कॉटिश पलटणीचा जॉर्ज न्यूजंट, १ जुलैलाच पडलेला. २००० सालच्या १ जुलैला जवळच्या ओव्हिलेर इथल्या युद्ध दफनभूमीत त्याला पुरलं. सापडेपर्यंत ब्याऐंशी वर्षं तो इथेच, रोज माणसं ज्या वाटेने जात होती तिच्या कडेला.

तिथून तिएपवाल दहा मिनिटं. टेकडीवरची ती प्रचंड विटांची कमान लांबूनच दिसायला लागते. मामांनी गाडीतूनच विचारलं, "हे इंडिया गेटवाल्याचं काम का?" अगदी तोच, एडविन लट्यन्स. दिल्लीचं इंडिया गेट १९३१ मध्ये खुलं झालं, हे १९३२ मध्ये. मामांची तीन वर्षं दिल्लीत गेलेली, त्यामुळे त्यांना सांगावं लागलं नाही. पण इंडिया गेट एक कमान आहे, इथे कमानींवर कमानी चढत गेल्यात, पंचेचाळीस मीटरपर्यंत. एवढ्या कमानी का, ते आत गेल्यावर कळतं. भिंतींचा पृष्ठभाग वाढवायला. ज्यांना थडगं नाही अशा ७२,००० हून जास्त जणांची नावं लिहायला जागा लागते.

नावं पलटणवार, मग हुद्द्याने, मग आडनावाने. काही ठिकाणी एकच आडनाव पाच-सहा ओळी सलग. पहिल्या दिवशी लढलेल्या अनेक पलटणी 'पॅल्स' होत्या. एका गिरणीतले, एका गल्लीतले, एका फुटबॉल क्लबातले मित्र एकत्र भरती झाले तर एकत्रच लढतील, असं आश्वासन देऊन उभारलेल्या. उत्तरेला सेर गावापाशी अ‍ॅक्रिंग्टन नावाच्या छोट्या गिरणीगावचे सुमारे सातशे जण पुढे गेले, त्यातले पाचशे पंच्याऐंशी अर्ध्या तासात मेले किंवा जखमी झाले. मग गावात घरोघर मृत्यूच्या बातम्या. अशा पलटणी पुन्हा उभारल्या नाहीत.

अवशेष सापडून कुणाची ओळख पटली, की त्याला थडगं मिळतं आणि यथावकाश भिंतीवरचं नाव काढून टाकतात. म्हणजे ही यादी आजही कमी होते आहे. आम्ही उभे होतो तिथे एक इंग्रज बाई शिडीवाल्या माळ्याची वाट बघत होत्या. त्यांच्या पणजोबांच्या भावाचं नाव फार उंचावर होतं, फोटो नीट येत नव्हता. माळी आला, पण शिडी नव्हती. मग मामांनी माझा फोन घेतला, भिंतीला पाठ लावली, कोपर छातीशी धरलं आणि झूम करून असा स्वच्छ फोटो काढला की बाईंनी त्यांना मिठीच मारली. मामा दिवसभर त्या विषयावर बोलले नाहीत. मामींना सांगू नको, एवढं मात्र सांगितलं.

स्मारकाशेजारी माहिती केंद्र आहे. स्वच्छतागृह तिथेच वापरून घ्या, पुढे शेतांत सोय नाही.

दुपारी पावसाने झोडपलं. बोमाँ-हामेलच्या न्यूफाउंडलंड उद्यानात पोचलो तेव्हा पार्किंगला आम्ही दोघंच. इथे खंदक बुजवलेले नाहीत. जागा १९२५ साली स्मारक म्हणून खुली झाली आणि तेव्हापासून कुणी नांगर घातलेला नाही. खंदक आता गवताने गुळगुळीत झालेत, खड्डेही. माणसांना जाऊ देत नाहीत अशा भागात मेंढ्या चरतात, कारण तिथे खाली काय आहे याची खात्री नाही.

कॅनडाची विद्यार्थी पोरं इथे काही महिने येऊन राहतात आणि पाहुण्यांना फुकट फिरवून दाखवतात. आमच्या वाट्याला विशीची एक मुलगी आली, न्यूफाउंडलंडचीच. पावसाच्या कोटात गुरफटून तिने आम्हाला पाऊण तास फिरवलं. मामांनी तिला विचारलं (मी मध्ये दुभाषी), खंदक नागमोडी का ते माहीत आहे का? तिने हसून त्यांनाच सांगायला लावलं. सरळ खंदकात एक गोळा पडला तर कपच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात आणि शत्रू आत शिरला तर सगळी रांग त्याच्या एका बंदुकीखाली. वळण असलं की मरण त्या वळणापुरतं राहतं. मुलगी म्हणाली, मी रोज हेच सांगते, पण आज खणणाऱ्याकडून ऐकलं.

न्यूफाउंडलंड तेव्हा कॅनडात नव्हतं. मासेमारीवर जगणारं वेगळं बेट, वेगळं राज्य. त्यांची एकच पलटण. १ जुलैला सकाळी सव्वानऊच्या सुमारास सुमारे आठशे जण निघाले. पुढचे खंदक मृतांनी आणि जखमींनी भरलेले, म्हणून ते मागच्या खंदकातूनच उघड्यावर आले. उतारावरून चालत जर्मन तारांपर्यंत जायचं होतं. मध्ये एक झाड होतं, तिथपर्यंत पोचणंही बहुतेकांना जमलं नाही. त्या जागी आता झाडाचा वाळका बुंधा उभा आहे. दुसऱ्या दिवशी हजेरीला अडुसष्ट जण उभे राहिले.

"एवढ्याशा बेटातून," मुलगी म्हणाली आणि मग तिने पुढचं सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. युद्धाचं कर्ज बेटाच्या डोक्यावर बसलं, मंदी आली, १९३४ मध्ये त्यांना स्वराज्य सोडून लंडनच्या कारभाराखाली जावं लागलं आणि १९४९ मध्ये ते कॅनडात विलीन झाले. आज १ जुलैला सगळा कॅनडा राष्ट्रीय दिन साजरा करतो, पण न्यूफाउंडलंडमध्ये सकाळी आधी शोक पाळतात, झेंडे दुपारनंतर.

संध्याकाळी बूट धुवायलाच अर्धा तास गेला.

रविवार : लाँगव्हाल, हाय वूड, पेरॉन

लखलखीत ऊन पडलं. बिटाची काढणी चालू होती. रस्त्याच्या कडेला घराएवढे बिटाचे ढीग आणि प्रचंड यंत्रं. लाँगव्हालच्या अलीकडे मामांनी एकदम "गाडी थांबव" म्हटलं.

विजेच्या खांबाच्या बुंध्याशी दोन तोफगोळे उभे करून ठेवलेले होते. गंजून लाल-काळे, मातीचे थर अजून ओले, एकाच्या नाकावर पितळी भाग हिरवा पडलेला. मी दार उघडत होते तर मामांनी माझा दंड धरला. एरवी कधी आवाज न चढवणारा माणूस. "आतनंच बघ." मग खिडकीची काच खाली करून त्यांनी मला समजावलं : हिरवा दिसतो तो फ्यूज, गोळा उडवणारी कळ. न फुटलेला गोळा शंभर वर्षांत म्हातारा होत नाही, चिडका होतो. विषारी वायूचा असला तर पत्रा गंजून पातळ झालेला असतो, धक्क्याची पण गरज नाही.

रात्री आजोबांनी सांगितलं की हा इथला नित्यक्रम. नांगराला किंवा काढणीयंत्राला गोळा लागला की शेतकरी तो बांधावर आणून ठेवतो, खरं तर हात न लावता कळवायचं असतं, पण काम थांबवून चालत नाही. गावच्या मेयरला सांगायचं, मग सरकारी बॉम्बनाशक पथक सवडीने येऊन घेऊन जातं. लोक याला लोखंडाचं पीक म्हणतात. तुम्ही गेलात तर : शेतात शिरू नका, लोखंडाला हात लावू नका, आठवण म्हणून काही उचलू नका. परवानगीशिवाय धातूशोधक यंत्र फिरवणं तर गुन्हाच आहे.

लाँगव्हालला देलव्हिल वूडचं दक्षिण आफ्रिकी स्मारक आहे. जुलै १९१६ मध्ये त्यांच्या ब्रिगेडचे तीन हजारांहून जास्त जण या रानात शिरले आणि सहा दिवसांनी त्यांतले थोडेच चालत बाहेर आले. त्या वेळचं एकच झाड आज जिवंत आहे, एक हॉर्नबीम. खोडाला मधूनमधून गाठी आल्यात. सालीच्या आत लोखंड आहे, म्हणून. बाकी सगळं रान नंतर लावलेलं.

मला मात्र बघायचं होतं ते पलीकडचं हाय वूड. १४ जुलै १९१६ च्या संध्याकाळी या दोन रानांच्या मधल्या गव्हाच्या शेतातून घोडदळ धावलं. भाले सरसावून. त्यात ब्रिटिशांचे सातवे ड्रॅगून गार्ड्स होते आणि विसावी डेक्कन हॉर्स. दख्खनचं नाव लावणारं भारतीय रिसाला दल, मशीनगनच्या लढाईत, सोमच्या काठी. उभ्या पिकात लपलेले काही जर्मन त्यांनी भाल्यांनी टिपले, काही पकडले, पण रान काही हाती आलं नाही आणि पहाटे त्यांना मागे घेतलं. हाय वूड पडायला पुढे दोन महिने लागले, १५ सप्टेंबरपर्यंत. त्याच दिवशी जवळच्या फ्लेर आणि कूर्सलेतच्या आघाडीवर जगातला पहिला रणगाडा लढाईत उतरला. म्हणजे भाला आणि रणगाडा या एकाच लढाईत, दोन महिन्यांच्या अंतराने.

डेक्कन हॉर्स आजही भारतीय सैन्यात आहे, अर्थात रणगाडे घेऊन. मामांना हे माहीत होतं, जागा माहीत नव्हती. हाय वूड खासगी मालकीचं आहे, आत जाता येत नाही. जाऊही नये, तिथली जमीन कधीच पूर्ण साफ झालेली नाही आणि हजारो माणसं अजून तिथेच आहेत. आम्ही कडेच्या रस्त्यावर, गाडीच्या बॉनेटवर डबा उघडून थालीपिठं खाल्ली. रविवारी दुपारी या भागात जेवण मिळेल या भरवशावर राहू नका. एरवीही स्वयंपाकघरं बारा ते दोनच चालतात, सव्वादोनला गेलात तर उपाशी.

पेरॉनचं महायुद्ध संग्रहालय जुन्या किल्ल्यात आहे, १९९२ मध्ये उघडलेलं. एकच संग्रहालय बघायला वेळ असेल तर आल्बेर सोडा, हे बघा. काचेच्या कपाटात उभे पुतळे नाहीत. जमिनीत उथळ चौकोनी खाचा केल्यात आणि त्यात एकेका सैनिकाचा गणवेश, बूट, पाण्याची बाटली, वस्तरा, चमचा आडवं मांडून ठेवलंय. बघायला मान खाली घालावी लागते. फ्रेंच, ब्रिटिश, जर्मन शेजारी शेजारी. मामांनी तिन्ही फावडी तुलना करून बघितली आणि जर्मन फावड्याला पसंती दिली.

सोमवार : नव्ह-शापेल आणि घर

सोमवारी इथली बरीच संग्रहालयं बंद असतात, पण उघड्यावरची स्मारकं कायम खुली. परतीच्या वाटेला थोडी वाकडी वाट करून, तासाभरावर, रिशबूर गावाच्या हद्दीतल्या चौकात भारतीय स्मारक आहे. नव्ह-शापेल त्याच्या शेजारी. मुलूख एकदम सपाट, दोन्ही बाजूंना चर आणि पाणी. सोमसारखी चुनखडी इथे नाही. खणलं की पाणी लागतं, म्हणून इथे खंदक खाली खणण्यापेक्षा मातीचे बांध वर रचावे लागले.

१९१४ च्या सप्टेंबरअखेर भारतीय सैन्य मार्सेयला उतरलं. उन्हाळी कपड्यांतच. महिन्याभरात ते या चिखलात होतं. २८ ऑक्टोबरला नव्ह-शापेल परत घ्यायचा हुकूम आला तेव्हा सत्तेचाळिसावी शीख पलटण आणि तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या विसाव्या आणि एकविसाव्या कंपन्या पुढे गेल्या. तिसरे सॅपर्स म्हणजे मामांचेच, खडकीचे. खणणाऱ्या, पूल बांधणाऱ्या माणसांना पायदळ म्हणून सोडलं होतं. ते घराघरांतून संगिनींनी लढत गावात शिरले, मदत आली नाही, मागे फिरावं लागलं. त्यांचे बहुतेक सगळे ब्रिटिश अधिकारी त्या दिवशी गेले.

पुढे १० मार्च १९१५ ला इथे मोठा हल्ला झाला, त्यात निम्मे सैनिक भारतीय. फक्त पस्तीस मिनिटं तोफांचा भडिमार आणि मग चढाई. गाव सकाळीच हाती आलं, नंतर सगळं अडकलं. तीन दिवसांत चार हजारांवर भारतीय पडले. तोफगोळे संपले म्हणून ब्रिटनमध्ये गहजब झाला आणि पुढच्या वेळी गोळे भरपूर हवेत असा धडा घेतला गेला. सोमच्या सात दिवसांच्या, पंधरा लाख गोळ्यांच्या भडिमाराची मुळं इथे आहेत. पस्तीस मिनिटांत बेसावध शत्रू गाठला होता, ही त्यातली गोष्ट मात्र विसरली गेली, असं माझं मत.

स्मारक हर्बर्ट बेकरचं, १९२७ मधलं. गोल आवार, अर्ध्या बाजूला दगडी जाळी, मध्ये पंधरा मीटरचा स्तंभ, माथ्यावर कमळ, पायथ्याशी दोन वाघ. स्तंभावर इंग्रजी, अरबी, देवनागरी आणि गुरमुखीत परमेश्वर एक असल्याचं वचन. फ्रान्समधल्या शेतात अचानक देवनागरी समोर आली की क्षणभर पाय थांबतात. भिंतीवर ४,७०० च्या वर नावं, पलटणवार. तिथे आमच्याखेरीज कुणी नव्हतं, फक्त गवत कापणारा एक माणूस. त्याने यंत्र बंद केलं, टोपी काढली, आम्ही आत गेल्यावर पलीकडे जाऊन पुन्हा सुरू केलं.

मामांनी सॅपर्सची नावं शोधून काढली. चष्मा कपाळावर, बोट दगडावर. इंग्रज नावांसारखं आडनाव-आद्याक्षर नाही, बहुतेकांचं एकच नाव. मामा प्रत्येक नाव मोठ्याने वाचत गेले. मी मोजली नाहीत, पण बराच वेळ लागला. मध्ये एकदा म्हणाले, "हा आपल्याकडचा असणार."

आपल्याकडचे इथे फार नाहीत. मराठा पलटणी मुख्यतः मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, होत्या. १०३, ११० आणि ११७ या क्रमांकाच्या तिन्ही पलटणी तिथल्या कुत गावच्या वेढ्यात अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ ला, सोमच्या दोन महिने आधी, सगळे तुर्कांचे कैदी झाले. त्यातले कितीतरी परत आलेच नाहीत. मामांच्या गावात चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे, इंग्रजीत. या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. नाव एकाचंही नाही. लहानपणी मी ती पाटी पाहिली आहे, तिच्याखाली सायकली लावायचे.

गाडीत मी त्यांना बसऱ्याच्या स्मारकाबद्दल सांगितलं. चाळीस हजारांवर मृतांचं ते स्मारक, पण तिथे भिंतीवर भारतीयांपैकी अधिकाऱ्यांचीच नावं कोरली. शिपायांची पलटणवार फक्त संख्या. नव्ह-शापेलला शिपायाला नाव मिळालं, बसऱ्याला आकडा. स्मारकांची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाने २०२१ मध्ये स्वतःच्याच अहवालात हा भेदभाव मान्य केला. स्मारकसुद्धा मूळ जागी नाही, १९९७ मध्ये सद्दामने ते बसऱ्यापासून बत्तीस किलोमीटरवर वाळवंटात हलवलं.

"पण नावं कुठंतरी लिहिलेली असतील की," मामा म्हणाले. "पगार घ्यायला अंगठा उठवायचे ना."

नोंदवह्यांत आहेत. आयोगाच्या संकेतस्थळावर पलटण आणि नाव घालून शोधता येतं, पैसे लागत नाहीत. काही नोंदींत वडिलांचं नाव, गाव, तालुकाही सापडतो. स्पेलिंग मात्र साहेबाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं, त्यामुळे चार-पाच प्रकारे लिहून बघावं लागतं. लील शहराच्या बाहेर वाहतूक तुंबली होती, गाडी हलत नव्हती. मामांनी माझा फोन मागून घेतला, पलटणीच्या जागी ११७ लिहिलं आणि तालुक्याचं स्पेलिंग इंग्रजांनी काय केलं असेल ते मला विचारायला लागले.